दादाचं दुखणं, वहिनीच्या तोंडून

वहिनी, तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. शोक करून झाला. तुझ्या माहेरच्या बायकांच्या गळ्यात पडून रडून झालं, कोण आलं आणि कोण नुसताच फोन करून मोकळा झाला हेही बोलून झालं. आता मला तुझ्याशी बोलायचंय, आणि तुझ्याशी बोलायचं म्हणजे भांडण आलंच. इतक्या वर्षांत आपलं एकमत कशावर झालं असेल तर ते एवढ्यावरच, की माझ्या दादाला चहा करता येत नाही.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी शाळेत जाणारी पोर होते. पहिल्या दिवसापासून मी तुला अगं-तुगं केलं आणि तू मला शेवटपर्यंत अहो-जाहो. त्यावरूनही आपण भांडलो. "वहिनी, मी तुझ्याहून लहान आहे, मला तू म्हण." तर म्हणायचीस, "नणंद हायसा. उद्या उलटल्या तर? आधीच मान देऊन ठिवते." पुढे मी शिक्षिका झाले, लग्न करून जुन्या जालन्यात कापड दुकानांच्या गल्लीत वरच्या मजल्यावर राहायला गेले, आणि तुझ्या तोंडी माझं नाव मास्तरीणबाई पडलं.

संध्याकाळी शाळेतून येऊन मी चहाचं आधण ठेवलं की आपल्या गावाहून, धावड्याहून, तुझा फोन ठरलेला. बाकीच्या भावजया कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं ते सांगतात. तू दुखणी सांगायचीस. कुणाची कंबर धरली, कुणाच्या सुनेला झोप लागत नाही, कोण म्हातारा आठ दिवस पारावर दिसला नाही. मी चिडून म्हणायचे, "वहिनी, तुला दुसरं काही दिसत नाही का गं?" तर तू म्हणायचीस, "दिसतं की. पण त्ये समद्यांनाच दिसतं." मग मी गप्प बसून ऐकायचे. खरं सांगते, त्या फोनची मला सवय लागली होती. अजूनही त्या वेळेला मी चहा थोडा जास्त टाकते आणि मग स्वतःवरच वैतागते.

तुझ्या पंचेचाळिशीची गोष्ट मी शाळेतल्या मैत्रिणींना इतक्यांदा सांगितली आहे की त्या तुला न बघताच ओळखतात. तुझी पाळी जायच्या बेतात होती. ऐन थंडीत तू पांघरूण फेकून अंगणात जाऊन उभी राहायचीस. कानशिलं तापायची, घाम फुटायचा, आणि जरा वेळानं दात वाजायला लागायचे. झोप उडाली. भाकरी थापता थापता डोळ्यांतून पाणी यायचं आणि कुणी "काय झालं" विचारलं तर तू परात आपटायचीस. आमच्या आईनं निदान केलं, बाहेरचं आहे. ओढा ओलांडताना काहीतरी लागलं. एक देवऋषी आणला. त्यानं लिंबं कापली, अंगारा फुंकला आणि तुझ्या अंगातल्या भुताला दरडावून विचारलं, "बोल, तुला काय पाहिजे?" तू म्हणालीस, "च्या." देवऋषीसुद्धा क्षणभर घोटाळला.

त्यानंतर तू जे केलंस ते आपल्या घरात कुणी केलं नव्हतं. तू बायकांना विचारलंस. मिरची तोडायला गेलेल्या बायका दुपारी बांधावर भाकरी सोडून बसल्या होत्या, तिथं तू मोठ्यानं म्हणालीस, "मला अंगातून जाळ निघाल्यावानी होतं, आन उगाच रडू येतं. कुणाला होतं का असं?" आधी सगळ्या पदरात तोंड घालून हसल्या. मग एक म्हणाली, मला होतं. मग दुसरी. मग कुणी भाकरीला हातच लावेना, प्रत्येकीला आपलं सांगायचं होतं. एकीनं तर त्यापायी कुठल्याशा देवाला बकरं बोललं होतं.

तू घरी येऊन आईसमोर उभी राहिलीस. "आत्याबाई, हे भूत लै शिस्तीचं दिसतंय. बराबर पंचेचाळिसाव्या वर्षी येतंय, आन निस्तं बायकांतच शिरतंय. पुरुषाच्या वाटंला जात न्हाई." मी माहेरी आले होते, दारात उभी होते. मला वाटलं आता आई तुला घराबाहेर काढते. आई तांदूळ निवडत राहिली. मग मान खाली घालूनच म्हणाली, "मलाबी झाल्तं. मी आपली गोठ्यात जाऊन बसायची." त्यानंतर आईनं देवऋषीचं नाव काढलं नाही. मी तुला जालन्याच्या बाईडॉक्टरांकडे नेलं. अंगात रक्त कमी निघालं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि या वयात शरीर कसं बदलतं, त्यानं मन कसं हलतं, ते नीट समजावलं. तू परत जाऊन ते सगळं मिरचीच्या टोळीला सांगितलंस, वर तुझ्या पदरचं मीठ-मसाला लावून.

तेव्हापासून तुझं एक बोलणं ठरलेलं होतं. मी ते तुझ्याच शब्दांत पाठ केलंय. "चौदाव्या वर्षी मी पोट धरून लोळायची, तर आय म्हने, वयात आली, असंच असतं. संतोषच्या येळी बाळंत झाले, पोराकडं बघू वाटंना, नुसतं रडू यायचं, तर म्हने बाळंतिणीचं असंच असतं. पंचेचाळिशीला भूत. आता साठीला बघा, म्हनतील वय झालं. बाईच्या दुखण्याला दर वयात नवं नाव देतेत, मास्तरीणबाई. औषध मातर एकच. गप बस."

मी खूश होऊन म्हणायचे, "मी तेच म्हणते! बाईचंच वाईट." आणि तिथंच तू उलटायचीस. "थांबा की. पुरुषाचं त्याहून वाईट हाय. त्येच्या दुखण्याला कोंच्याच वयात नाव न्हाई. पोरगं हाय तवर मर्द हाय, रडायचं न्हाई. बाप झाला मंग घर त्येच्यावर हाय, बसायचं न्हाई. म्हातारा झाला मंग देवाचं नाव घे. आपल्याला निदान भूत तरी लागतं. त्यायला तेबी लागत न्हाई."

हा आपला वाद. मी म्हणायचे, गरम भाकरी कुणाच्या ताटात पडते ते आधी बघ, मग पुरुषाची कीव कर. तू म्हणायचीस, गरम भाकरीनं झोप लागत असती तर सगळे पाटील घोरत पडले असते. मी म्हणायचे, दवाखान्याची पायरी चढायला बाईला कुणाची तरी सोबत आणि कुणाची तरी परवानगी लागते. तू म्हणायचीस, पुरुषाला परवानगी लागत नाही, तरी तो चढत नाही, मग जास्त अडलेलं कोण? वाद कधी मिटला नाही. चहा संपला की आपण फोन ठेवायचो.

मग दादाचं झालं.

दादाचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचं, रानोमाळ हिंडायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. साठी उलटली, चरायची रानं कमी झाली, संतोष जालन्याला कारखान्यात लागला. मेंढरामागं चालायला दुसरं कुणी नव्हतं. कळप विकायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं. दादानंही मान डोलावली. मेंढरं गाडीत चढली तेव्हा तो एकेकीच्या पाठीवर हात फिरवत होता, हसत होता. गाडी गेल्यावर त्यानं वाघर, म्हणजे कळपाभोवती लावायची जाळी, घडी करून माळ्यावर टाकली. आणि दुसऱ्या दिवशी त्याचा गुडघा दुखायला लागला.

त्या गुडघ्याचं आपण काय काय केलं! एरंडाची पानं बांधली, तेलं चोळली, फोटो काढला. फोटोत वयामानानं जेवढी झीज असायची तेवढीच होती. मी जालन्याहून पट्टा आणला. संतोषनं शेक द्यायची पिशवी आणली. पावणेरावळे आले की दादाला विचारायचे, गुडघा काय म्हणतो? आणि दादा म्हणायचा, हाय तसंच. मेंढरामागं जन्मभर चाललेल्या माणसाचा गुडघा दुखला तर त्यात कमीपणा नव्हता. म्हणून तो बिचारा गुडघाच दाखवत राहिला आणि आपण सगळे तोच चोळत राहिलो.

तू तेवढी चोळता चोळता दुसरीकडं बघत होतीस. तांबडं फुटायच्या कितीतरी आधी तो उठून बसतो. अर्धी भाकरी ताटात राहते. चहाला नावं ठेवत नाही, भांडत नाही, संतोषच्या लेकरानं पाठीवर उडी मारली तरी वळून बघत नाही. एक दिवस त्यानं आपली घुंगरांची काठी, जी तो कुणाला हातात धरू द्यायचा नाही, ती जुन्या सोबत्याला देऊन टाकली. त्या दिवशी तू कपाशीच्या फवारणीचं औषध उचलून शेजारच्या घरी नेऊन ठेवलंस आणि मला फोन केलास. त्या दिवशी मास्तरीणबाई म्हणाली नाहीस. म्हणालीस, "तुमचा भाऊ चाललाय. पायानं न्हाई, मनानं."

मी लगेच म्हटलं, मनाच्या डॉक्टरांकडे आण. तू म्हणालीस, एकदा विषय काढला होता. दादानं विचारलं, मी येडा हाय का? आणि दिवसभर बोलला नाही. मी म्हटलं, मी येते समजवायला. तू म्हणालीस, "तुम्ही समजवाया लागल्या की माणूस शाळा सोडतो. मी बघते. तुम्ही निस्ता नंबर लावा. माझ्या नावानं."

तुझ्या नावानं का, ते मला कळलं नाही. तू घरात जाहीर केलंस की मला बराबर वाटत न्हाई, जीव घाबरा होतो, मनाच्या डॉक्टरला दाखवावं लागंल. कुणालाही नवल वाटलं नाही. बाईमाणूस, त्यात तुझ्या नावावर एक भूत आधीच जमा. दादा मात्र चटकन उठला. "चल," म्हणाला. किती महिन्यांनी तो आपण होऊन उठला होता. बाईला दवाखान्यात एकटीला कसं पाठवायचं, सोबत पुरुष पाहिजे, ही आपल्याकडची रीत. तू त्या रीतीलाच दावं बांधून त्याला जालन्याला आणलंस.

नव्या जालन्यातल्या त्या दवाखान्यात जिना चढताना तू मला म्हणालीस, "आत गप बसायचं. तुम्हाला जमायचं न्हाई, पण बसा." डॉक्टर तरुण होते. त्यांनी रीतीप्रमाणे दादाकडं बघून विचारलं, "काय होतंय यांना?" दादा म्हणाला, "तिलाच इचारा." आणि वहिनी, तू सुरू झालीस.

"झोप न्हाई डॉक्टरसाहेब. कोंबड्याच्या आधी जाग येती, मंग दिवस उजाडूच नये वाटतं. घास गिळत न्हाई. मेंढरं इकली तवापासून घर खायला उठतं. लेकरू जवळ आलं तर त्येलाबी हात लावू वाटत न्हाई. लोक इचारतेत, तर गुडघा दुखतो म्हनून सांगते. गुडघ्याचं काय न्हाई. वाटतं, आपलं काम सरलं. आपुन नसलो तर कुणाचं काय अडतंय."

मी तुझ्याकडं बघतच राहिले. तू समोरच्या भिंतीकडं बघून बोलत होतीस, दादाकडं एकदाही पाहिलं नाहीस. डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं, "जीव द्यावा, असं येतं का मनात?" तू म्हणालीस, "येतं." दादाच्या हातातली टोपी खाली पडली. त्यानं ती उचलली नाही.

डॉक्टर समजावून सांगायला लागले. याला आजार म्हणतात, आळस नाही, खूळ नाही. उतारवयात, हातातलं काम गेल्यावर, जवळचं कुणी गेल्यावर पुष्कळांना होतो. बायका रडतात, बोलतात, म्हणून लवकर लक्षात येतं. पुरुष तोच आजार पाठीत नाहीतर गुडघ्यात घेऊन फिरतात, नाहीतर चिडतात, नाहीतर पितात, आणि मग फार उशीर होतो. औषधानं आणि बोलण्यानं यातून माणूस बाहेर येतो. ते तुला सांगत होते आणि दादा एकेक शब्द ऐकत होता. मग ते लिहायला लागले तेव्हा दादानं टेबलावर हात ठेवला.

"डॉक्टरसाहेब, तिला काय देऊ नका. तिला काय बी झालं न्हाई. ती रातभर घोरती." थांबला. वाकून टोपी उचलली. "हे समदं मला होतंय."

 मग तू म्हणालीस, "मी घोरत न्हाई."

डॉक्टर हसले, मी रडले, आणि दादा दोन्ही करत होता. त्या क्षणी तुझ्या पाया पडावंसं मला वाटलं होतं. पडले नाही, कारण पुढची वीस वर्षं तू ते ऐकवलं असतंस. आज सांगते, वहिनी. माझा भाऊ तू मरणाच्या दारातून परत आणलास, तेही त्याला मान खाली घालायला न लावता. स्वतःची घालून.

बाहेर येऊन आपण उसाचा रस पीत उभे होतो तेव्हा दादानं तुला विचारलं, "तुला कसं कळलं? मी तर कवा बोललो न्हाई." तू म्हणालीस, "आजारी मेंढरू तुमच्याशी बोलत व्हतं का?" मी मध्येच माझं मास्तरीणपण दाखवलं, "पण वहिनी, डॉक्टरांशी खोटं बोललीस तू." तर फणकाऱ्यानं म्हणालीस, "खोटं कुठं? माझ्याच घरातलं दुखणं हाय. मी सांगितलं काय आन ह्यांनी सांगितलं काय." 

दादा लगेच बरा झाला नाही. गोळीनं तोंड कोरडं पडतं म्हणून कुरकुरला, मध्येच बंद केली, तू पुन्हा सुरू करायला लावलीस. ठरलेल्या दिवशी जालन्याला यायचा, डॉक्टरांशी आधी पावसापाण्याचं आणि मग हळूहळू स्वतःचं बोलायचा. तू चार मेंढ्या परत आणून दारात बांधल्यास. एक दिवस त्यानं चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "हा च्या हाय का काय हाय?" तू मला फोनवर ते सांगताना आनंदानं ओरडत होतीस.

पुढं गावातल्या बायका तुझ्याकडं यायला लागल्या. आमच्या मालकाचा खांदा धरलाय, आमच्या मामांचं पोट बिघडलंय. तू विचारायचीस, "निस्तं पोट, का झोपबी न्हाई?" कधी ते नुसतं पोटच निघायचं आणि बाई तुला हसून जायची. कधी मात्र नवरा-बायको तुझ्याबरोबर जालन्याला यायचे आणि माझ्या वरच्या मजल्यावर चहा पिऊन पुढं दवाखान्यात जायचे. माझं घर म्हणजे तुझी धर्मशाळा झाली होती. मी कुरकुर केली की म्हणायचीस, "मास्तरीणबाई, पुण्य लागतंय तुम्हाला फुकटात." मी कुरकुर करत राहिले आणि साखर जास्त भरून ठेवत राहिले.

आणि आता भांडणाचं मूळ. इतकं सगळं कळणाऱ्या बाईला स्वतःचं का कळलं नाही?

दिवाळीनंतर तुझा आवाज फोनवर थकलेला यायचा. ओसरीची पायरी चढले तरी दम लागतो म्हणालीस. पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध दुखतं. कधी जबडा दुखतो, दाढेचं असंल. मळमळतं, पित्त असंल. ओवा चावत होतीस, लिंबू पीत होतीस. मी म्हटलं, वहिनी, ये, पट्टी काढून घेऊ हृदयाची. तू म्हणालीस, "छातीत कुठं दुखतंय मला? कापसाची वेचणी होऊ द्या, मंग येते." मी पुन्हा म्हटलं, आणि तू, जिनं ते शब्द जन्मभर चिडून उच्चारले, तू हसत म्हणालीस, "वय झालं आता, मास्तरीणबाई."

तेव्हाच मी ओरडले तुझ्यावर. आठवतंय ना? म्हटलं, हे तू बोलतेस? तू? तर म्हणालीस, कापूस ओला होईल, ठेवते. चार दिवसांनी वेचणीला निघताना पदर खोचता खोचता तू खाली बसलीस, पाणी मागितलंस, आणि भोकरदनच्या दवाखान्यात नेताना वाटेतच, दादाच्या मांडीवर डोकं ठेवून गेलीस.

नंतर मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बायकांचं हृदय बऱ्याचदा अशीच खूण करतं. थकवा, पाठ, जबडा, मळमळ. छाती धरून माणूस कोसळतो तेच आपल्याला माहीत असतं, आणि त्यातही पुरुषच डोळ्यांसमोर येतो. पाळी गेल्यावर बाईचा धोका वाढत जातो, पण पित्त, दाढ, वय, असल्या नावांखाली तो झाकून जातो. मी मनात म्हटलं, वहिनी, बघ. पुरुषाच्या मनाला नाव नाही म्हणून तू लढलीस आणि बाईच्या हृदयाला चुकीचं नाव देऊन गेलीस. आपल्या वादात हे सगळ्यात मोठं उदाहरण माझ्या बाजूचं होतं. मला तसं जिंकायचं नव्हतं.

तरीही मला तुझा राग पुरता येत नाही. येतो आणि मध्येच विरघळतो. ज्या बाईनं घरादाराची, गावाची दुखणी कानानं टिपली, तिच्याही हाडात ते "गप बस" इतकं मुरलेलं होतं. ते तू इतरांच्या अंगातून काढत राहिलीस. स्वतःच्या अंगातून काढायला तुला दुसरी वहिनी पाहिजे होती. परवा मी स्वतः जाऊन तपासून आले. शाळेतल्या दोघी मैत्रिणींना ओढून नेलं. त्या म्हणाल्या, आम्हाला काही होत नाही. मी म्हटलं, दम लागतो का, पाठ दुखते का, खरं सांगा. माझ्या तोंडून तूच बोलत होतीस.

आता दादाचं सांगते. तुला तेवढंच ऐकायचं असणार.

आम्ही सगळे घाबरलो होतो. संतोषनं या वेळी फवारणीचं औषध गावातच ठेवलं नाही. दादा अंगणात खांबाला टेकून बसून होता. दुखवट्याला येणारे पुरुष बाहेर त्याच्याभोवती, बायका आत, आणि मी दारात चहाची ताटली घेऊन. दहाव्यानंतरचा दिवस असेल. दादाच्या डोळ्यांतून एकसारखं पाणी वाहत होतं आणि तो पुसत नव्हता. त्याचा मेंढरामागचा जुना सोबती किसनमामा शेजारी बसला होता. सत्तरीचा गडी, दोन वर्षांपूर्वी त्याचीही बायको गेली, तेव्हापासून स्वतःच्याच घरात एका कोपऱ्यात राहतो. तो म्हणाला, "असं काय बायकांवानी? पुरुषासारखा पुरुष तू. धीर धर." बाकीचे हो-हो म्हणाले. मला वाटलं, संपलं. आता दादा पुन्हा गुडघ्यात जाऊन बसणार.

दादानं मान वर केली. सगळ्या पुरुषांसमोर, अगदी सरळ आवाजात म्हणाला, "मामा, ती गेल्यापासून मला झोप न्हाई. जगू वाटत न्हाई. ह्ये बरं लक्षण न्हाई, मला ठावं हाय. मागं बी असंच झाल्तं, गुडघा काय दुखत नव्हता माझा. उद्या मी जालन्याला मनाच्या डॉक्टरकडं चाललो. मला जगायचंय."

 एकानं खाकरल्यासारखं केलं. एकजण उठून चप्पल शोधायला लागला. किसनमामा खाली बघत जमिनीवर बोटानं रेघा ओढत होता. मग त्यानं विचारलं, "कोंच्या गाडीनं?"

"सकाळच्या."

"मंग मीबी येतो."

मी चहाची ताटली तशीच घेऊन "वहिनी, ऐकलंस का" म्हणत आत वळले. चुलीपुढं तुझी सून बसली होती. तिनं वर पाहिलं. मी दाराला धरून उभी राहिले, आणि मग म्हटलं, "सकाळी दोघांच्या भाकरी बांधशील, बाळा. दादाची आणि किसनमामाची."